सरांचे आठ आकडे

मी पोटापाण्यासाठी काय करते, हे आमच्या बोळिंजच्या सोसायटीत अजून कुणाला धड कळलेलं नाही. समोरच्या वहिनींना वाटतं मी घरबसल्या ऑनलाइन शिकवण्या घेते. वॉचमनच्या मते मी बेकार आहे. खरं म्हणजे मी गणितातली विधानं मशीनसाठी लिहून देते. पुस्तकात 'अमुक असेल तर तमुक होतं' असं असतं, ते संगणकाला कळेल अशा काटेकोर भाषेत मांडायचं. मग आमचं नेटवर्क मॉडेल त्याची सिद्धता शोधायला बसतं. ते एकेक पायरी सुचवतं, आणि एक वेगळा प्रोग्राम प्रत्येक पायरी तपासतो. त्या तपासनिसाकडे दयामाया नाही, एक पायरी चुकली की सगळं परत. विधानच खोटं असेल तर मॉडेल ते कुठे मोडतं त्याचं उदाहरण काढून समोर ठेवतं. हल्ली ते स्वतःच नवी विधानं रचतं, रोज ढिगांनी, आणि त्यातलं ठेवण्यासारखं कुठलं हे बघायचं कामही आमच्याच गळ्यात पडलंय. बहुतेक कचराच असतो. एखाद्या संख्येत शून्य मिळवलं की तीच संख्या राहते, असली रत्नं वेष बदलून येतात.

हे सगळं एका रविवारी मी मोठ्या तोऱ्यात सरांना सांगितलं, आणि तिथूनच माझ्या मूर्खपणाला सुरुवात झाली.

सर म्हणजे शाळेत मला गणित शिकवलेले. आमचे वडील कोकणातून नोकरीसाठी आलेले, आम्ही तेव्हा वसईत भाड्याने राहायचो. सर जवळच्याच गिरीज गावचे, घरची वाडी असलेले. केळी, नारळ, मधल्या जागेत भाजी, कडेला बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे आणि घरी काकूंशी त्यांच्या घरच्या बोलीत, जी मला आजही निम्मीच कळते. त्यांची एक पद्धत साऱ्या शाळेला माहीत होती. जूनमध्ये पहिल्या तासाला ते आम्हाला घरून सुईदोरा आणायला सांगायचे आणि गणिताच्या पुस्तकातली शेवटची उत्तरांची पानं शिवून टाकायला लावायचे. मार्चमध्ये परीक्षा झाली की दोरा तोडायचा. कुणी मध्येच उसवलं तर मारायचे नाहीत, फक्त त्या मुलाला त्या आठवड्यात फळ्याजवळ बोलवायचे नाहीत, आणि ते मार खाण्यापेक्षा वाईट वाटायचं.

ऑफ तासाला ते एक खेळ घ्यायचे. फळ्यावर चौकोन काढायचा, चार कोपऱ्यांवर आपल्या मनातल्या चार संख्या. मग प्रत्येक बाजूच्या मध्यावर तिच्या दोन टोकांमधला फरक लिहायचा, नेहमी मोठ्यातून लहान वजा करून. ते चार मध्य जोडले की आत नवा चौकोन, त्यात पुन्हा तेच. असं करत गेलं की शेवटी चारही कोपऱ्यांवर शून्य येतंच. मी एकदा घरून भल्यामोठ्या चार संख्या ठरवून नेल्या होत्या, सरांची फजिती करायची म्हणून. माझीच झाली. तीन वेगवेगळ्या संख्या घेतल्या तर मात्र खेळ संपतच नाही, नुसता फिरत राहतो. पाच, सहा, सात घेतल्या तरी कधीकधी तसंच. आठ संख्या गोलाकार मांडल्या तर पुन्हा शून्यावर येतो. चाराचं का, हे सरांनी फार पूर्वी सोडवलं होतं. आठाचं का, ही गाठ त्यांच्याकडे वीसेक वर्षं पडून होती. कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हे, डबा खाता खाता कागदावर रेघोट्या मारताना सापडलेली.

निवृत्त झाल्यावर ते हात धुऊन तिच्या मागे लागले. मी वर्षातून दोनतीनदा स्कूटीवरून त्यांच्याकडे जायची, तेव्हा प्रगती कळायची. त्यांच्या ध्यानात आलं होतं की संख्या राहू दे, फक्त सम की विषम एवढंच बघितलं तरी पुरतं. आठ जागांवर सम-विषमची कशीही मांडणी घ्या, आठ फेऱ्यांनंतर सगळं समच होतं. सगळं सम म्हणजे निम्मं करून पुन्हा तोच खेळ, आणि असं निम्मं करत गेलं की शेवटी शून्यच उरतं. अशा मांडण्या दोनशे छप्पन्न. सर एकेक हाताने तपासत होते. मी म्हटलं, गोल फिरवून सारख्या होणाऱ्या सोडून द्या की, छत्तीसच उरतात. ते म्हणाले ते त्यांनाही ठाऊक आहे, पण आपण जे सोडून देतो ना, चूक नेमकी तिथेच दडून बसते. मी हसले. मनात म्हटलं, रिकामपणचे उद्योग.

त्या रविवारी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. दोनशे छप्पन्न पूर्ण झाले होते. आता दोन पानांचं लिखाण राहिलं होतं, सगळं एकत्र जोडून दाखवण्याचं. आणि मग त्यांनी शहाळं फोडता फोडता, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं की त्यांना काचबिंदू आहे. थेंब चालू होते, पण कडेची नजर आत आत येत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाचण्यालिहिण्यापुरते डोळे फार तर वर्षभर धरतील. त्याआधी त्यांना ही सिद्धता स्वतःच्या अक्षरात लिहून संपवायची होती. दुसरं काही मागणं नाही म्हणाले.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पेन हातात देऊन, 'बसा सर, लिहा' म्हटलं असतं. मी म्हटलं, "कशाला एवढे डोळे फोडताय? द्या मला. आमचं मशीन दोन मिनिटांत सांगेल." उचलली जीभ लावली टाळ्याला.

सरांना ते रुचलं नाही. होत आलंय गं माझं, असं दोनदा म्हणाले. पण मी ऐकेन तर ना. आमचा तपासनीस कसा कधीच चुकत नाही, मोठमोठे प्राध्यापक कसे आता आमच्यासारख्यांकडून खात्री करून घेतात, हे मी ऐकवत सुटले. ओटीवर भाजीच्या जुड्या बांधत बसलेल्या काकूंनीही माझीच बाजू घेतली. तेवढाच डोळ्यांना आराम, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सर कबूल झाले, पण एका अटीवर. "खरं की खोटं, एवढंच सांग. कसं ते सांगायचं नाही." साठी उलटलेला माणूस स्वतःची उत्तरांची पानं स्वतःच शिवून घेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचं काम सुरू करायच्या आधी मी ते विधान लिहिलं. पाच मिनिटं लागली असतील. मशीन कामाला लावलं आणि खाली गेले, कारण टँकर आला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की सगळी कामं थांबतात. त्या दिवशी दोन विंग्जमध्ये कुणाची टाकी आधी यावरून जुंपली होती, आणि मीही त्यात तावातावाने बोलत होते. तेवढ्यात मोबाइलवर निरोप आला: विधान खोटं, उलट उदाहरण सापडलं, तपासून झालं.

आमच्या कामाचा एक नियम आहे, आणि नव्याने येणाऱ्या पोरांना तो मीच शिकवते. मशीन खोटं म्हणालं की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. विधान आपणच चुकीचं लिहिलं नाही ना, ते उदाहरण हाताने करून बघायचं, मगच तोंड उघडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी ते उदाहरण उघडूनसुद्धा पाहिलं नाही. सरांनी कसं ते सांगू नको म्हटलंय, मग बघायचं कशाला, असं मनाला समजावलं. अट त्यांच्यासाठी होती, माझ्यासाठी नव्हती, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. टँकरच्या पाइपाजवळ उभी राहूनच मी त्यांना फोन लावला.

म्हटलं, "सर, खोटं निघालं."

फोन कट झाला की काय म्हणून मी 'हॅलो हॅलो' केलं. मग ते म्हणाले, "कुठले आठ?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच स्वतःला आवरलं. "नको, सांगू नकोस. मी शोधतो."

आणि मी? मी फोन ठेवला आणि भांडणात परत शिरले. लपवून काय करायचं, मला तेव्हा थोडं बरंच वाटलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर मला फळ्याजवळ उभं करून चुका दाखवल्या, त्याची वीस वर्षांची चूक मी पाच मिनिटांत काढली, असा तो आनंद होता. वाईट वाटलं ते संध्याकाळी, तेही सरांना वाईट वाटलं असेल म्हणून. शंका अशी मला एकदाही आली नाही.

गणपतीत मी गिरीजला गेले तेव्हा सर भिंग घेऊन वहीवर वाकलेले होते. मला वाटलं विरंगुळा चाललाय. ते म्हणाले, अजून सापडत नाहीत ते आठ. त्यांचा हिशोब सरळ होता. विधान खोटं, म्हणजे दोनशे छप्पन्नमध्ये कुठेतरी गफलत झालेली असणार. त्यांनी ते सगळे पुन्हा पहिल्यापासून तपासले होते. एकही चुकीचा निघाला नाही. मग चूक कुठे? तर डोळ्यांत. विषमच्या जागी सम वाचलं जात असणार, म्हणजे डॉक्टर म्हणतात त्यापेक्षा डोळे जास्त गेलेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. आता तिसऱ्यांदा चाललं होतं.

काकू मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या आणि सांगू लागल्या की हल्ली हे वाडीत एकटे जात नाहीत. पेपर वाचणं सोडलंय. पायरीसुद्धा हात धरून उतरतात. डॉक्टर म्हणतात अजून तसं काही नाही, पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, दोनशे छप्पन्नात चूक झाली ती मला दिसत नाही, तर पायरी काय दिसणार? मी काकूंना धीर दिला. म्हटलं, या वयात होतंच असं. घरी जाऊन लॅपटॉप उघडायचा आणि ते उदाहरण बघायचं, एवढंच करायचं होतं. त्या दिवशीसुद्धा वेळ गेली नव्हती. मी घरी गेले आणि मोदक खाल्ले.

मग फेब्रुवारी उजाडला. स्पर्धा परीक्षांच्या गणितांचा एक गठ्ठा आमच्याकडे लिहायला आला होता. त्यात एक गणित असं: आठ संख्या गोलाकार मांडा, शेजारच्या दोघींतला फरक घ्या, पुन्हा घ्या, शेवटी सगळी शून्यं होतात हे सिद्ध करा. सिद्ध करा, म्हणजे खरं आहे. कुणीतरी कधीच सोडवून पुस्तकात छापलेलं आहे.

या वेळी विधान माझ्या सहकाऱ्याने लिहिलं, मी तपासलं. मशीनने चहा निवायच्या आत सिद्धता दिली. मग मी माझी ती जुनी फाइल उघडली. चूक तिसऱ्याच ओळीत होती. आमच्या त्या काटेकोर भाषेत साध्या मोजायच्या संख्या घेतल्या आणि लहानातून मोठी वजा केली, तर ती भाषा कुरकुर करत नाही. गुपचूप शून्य धरते. म्हणून मोठ्यातून लहान वजा कर, हे आवर्जून लिहावं लागतं. मी नुसतं वजा लिहिलं होतं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा धडा आहे हा. मशीन काडीचंही चुकलं नव्हतं. मी त्याला भलताच प्रश्न विचारला होता, आणि त्याने त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं.

त्याने काढलेलं उदाहरणही तिथेच होतं, दहा महिने. एक, शून्य, एक, शून्य, एक, शून्य, एक, शून्य. मी लाइटबिलाच्या मागे ते हाताने केलं. पहिल्या फेरीत सगळे एक. दुसऱ्या फेरीत सगळी शून्यं. माझ्या त्या चुकीच्या वजाबाकीने मात्र रांग जशीच्या तशीच येत राहते, कधी संपत नाही. पहिली-दुसरीतलं पोर करेल. अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि मग मी त्या कागदावर डोकं टेकून रडले. आठवडाभर कुणाशी बोलावंसं वाटेना. खरं तर त्याच दिवशी निघायला हवं होतं. माझी हिंमत व्हायला सात दिवस लागले, हेही लिहून ठेवते.

गिरीजला पोचले तेव्हा दुपार कलली होती. सर ओटीवर बसले होते. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. डॉक्टरांचं म्हणणं आता खरं झालं होतं. समोरचं जेमतेम नाण्याएवढं दिसायचं, अक्षर लागत नव्हतं. त्यांच्या शेजारी काकू बसल्या होत्या आणि काकूंच्या मांडीवर वही. सातवीपर्यंत शिकलेल्या काकू. सर मांडणी तोंडाने सांगत होते, काकू फरक काढून लिहीत होत्या. तिसरी खेप दिवाळीतच संपली होती, ही चौथी. त्या म्हणाल्या, आता ह्यांचे डोळे नाहीत, माझे आहेत, म्हणजे या वेळी चूक सापडेल.

मी खालीच बसले, पायरीवर. कसं सांगायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी एवढंच म्हटलं की ते आठ आकडे नाहीतच. मशीनचं बरोबर होतं, प्रश्न मी चुकीचा लिहिला होता. मोठ्यातून लहान वजा करायचं, तेच लिहायचं राहिलं. आणि उदाहरण मी बघितलंच नव्हतं.

काकूंचं पेन थांबलं. सरांनी विचारलं, दोनशे छप्पन्नचं काय. मी म्हटलं, सगळे बरोबर होते.

"पहिल्या खेपेचे?"

"पहिल्या खेपेचेच, सर."

"म्हणजे तेव्हा माझे डोळे ठीक होते," ते म्हणाले. हे ते मला नव्हे, काकूंना सांगत होते, त्यांच्या घरच्या बोलीत, पण एवढं मला कळलं. काकूंनी मान वळवली आणि वाडीकडे बघत राहिल्या. मी माफी मागितली. रडतही होते बहुतेक. सर म्हणाले, राहू दे, चुका होतात. वर्गात ज्या आवाजात म्हणायचे त्याच आवाजात, आणि म्हणून ते मला जास्त लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी त्यांना हेही सांगितलं की हे गणित पुस्तकात आहे, कुणीतरी आधीच सोडवलंय. असू दे, म्हणाले. फक्त ती सिद्धता मला वाचून दाखवू नकोस. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दोन पानांचं काम होतं गं. एका सकाळचं."

काहीतरी भरपाई करावी म्हणून मी काकूंच्या मांडीवरची वही उचलली, पर्समधून पेन काढलं आणि म्हटलं, "सर, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. आत्ताच पूर्ण करू."

सरांनी माझ्या आवाजाच्या दिशेने हात केला, नको म्हणतात तसा.

"तू नको. ही लिहील. हिची वजाबाकी चुकत नाही."

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी फक्त जे खरं होतं ते सांगितलं. काकूंनी पदराला हात पुसले आणि माझ्या हातातून वही घेतली.